बंगल्यापुढची हरळी

माझ्या सुनेची, क्रांतीची, एक वाईट खोड आहे. ती उलटून बोलत नाही. ऐकणारे म्हणतील, मग तक्रार कसली, असली सून मिळायला पुण्याई लागते. त्यांना म्हणावं, न्या चार दिवस तुमच्या घरी. भांडकुदळ सून परवडली, तिच्या मनात काय चाललंय ते कळतं तरी. आपण एक बोलावं, तिनं दोन बोलावीत, भांडण पेटावं, विझावं, आणि संध्याकाळी दोघींनी एका टोपल्यातली भाकरी मोडावी. ही बाई नुसती ऐकून घेते, मान हलवते आणि तिला करायचं तेच करते. आमटी पातळ झाली म्हटलं की मान हलवणार आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच पातळ आमटी वाढणार. मी दुपारभर अंगणात पाइप सोडून बसावं, तर ही शाळेतून येणार, स्कूटी लावणार, चपलाही न काढता आधी नळापाशी जाणार आणि नळ बंद करणार. तोंडातून शब्द नाही. जणू खुर्चीत मी बसलेलीच नाही, कुणी गाठोडं ठेवलंय.

त्या नळावरनंच सगळं झालं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव कुंडल. काळी रानं, बारमाही पाणी, ऊस. मी चौथीतनं शाळा सोडली, पण कुठल्या सरीत पाणी किती वेळात पोचेल हे मला डोळे झाकून कळतं. माझा एकुलता एक पोरगा वीरधवल मिलिटरीत सुभेदार. नोकरी संपायला आली तसा त्यानं सांगलीत विश्रामबागेला बंगला बांधला. मालक वारल्यावर मला म्हणाला, "आई, रान वाट्यानं देऊ. तू क्रांतीजवळ राहा, मी येईपर्यंत ती तरी एकटी का राहील?" ती तिथं एका शाळेत गणित शिकवते. मी आले. घराला नाव ठेवणार नाही. पुढं गेटापर्यंत मोकळी जागा, चांगली दीड गुंठा. मी आल्या दिवशीच मनात वाफे पाडले. इथं मेथी, तिथं वांगी, कडेनं शेवगा.

तर कळलं, तिथं गवत लावायचं आहे.

"जनावर कुठाय?" मी विचारलं.

"लॉन आहे ते, आत्या." आमच्या भागात सुना सासूला आत्याच म्हणतात. "बसायला, चालायला."

"चालायला म्युनिसिपालटीनं रस्ता केलाय की. आन् बसायला खुर्च्या काय थोड्या हायत?"

तिनं मान हलवली. पुढच्या आठवड्यात टेम्पो भरून गवताच्या गुंडाळ्या आल्या आणि चटया आंथराव्यात तशा आंथरल्या गेल्या.

रात्री वीरधवलचा फोन आला, तेव्हा मी त्याला पोटभर ऐकवलं. तो म्हणाला, "आई, त्या गवताला नावं ठेवू नगंस. लग्न झाल्यापासनं माझ्यामागं फिरतीय ती. बबिना, भटिंडा, जोरहाट. जिथं क्वार्टर मिळालं तिथं दारात बाग केली, आन् फुलं यायच्या टायमाला माझी बदली. या घरात किचन कसलं पायजे, फरशी कसली पायजे, काय बोलली न्हाई. एवढंच म्हणाली, दारात हिरवळ असू दे, जी सोडून जावी लागणार न्हाई."

हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं. सांगेल कशी? त्याला तोंड उघडावं लागतं.

पहिल्या चटया आषाढातच कुजल्या. त्यात क्रांतीचा दोष नव्हता, जागाच तशी. पाऊस पडला की पाणी पडल्या जागी उभं. बेडकं येऊन राहिली. मी काठी खुपसून बघितलं तर वर सगळी पायातली माती. बंगल्याचा पाया खणताना कंत्राटदारानं खालची पिवळट चिकण वर काढून पसरलेली, चांगली काळी माती तिच्याखाली पुरलेली. वर प्लास्टरचे डिखळे, विटांचे तुकडे, आणि ह्या सगळ्यावरनं वर्षभर मालाच्या गाड्या फिरलेल्या. पावसात साबणासारखी बुळबुळीत आणि उन्हात कौलासारखी टणक. चटयावाला म्हणाला, रेती मिसळा, माती मोकळी होईल. क्रांतीनं ट्रॉलीभर रेती आणून मिसळली. दिवाळीपर्यंत तिचा असा गिलावा झाला की कुदळ मारली तर ठिणगी उडावी. त्यावरच थोडं उकरून दुसऱ्या चटया आंथरल्या.

ह्या खेपेला मी ठरवलं, आता आपण लक्ष घालायचं. कुंडलला कुठल्याही दुखण्याला एकच औषध, पाण्याची एक पाळी. ऊस पिवळा पडला, पाणी द्या. वाढ खुंटली, पाणी द्या. काही झालं नाही, तरी आपली पाळी आलीय म्हणून द्या. मी पाइप घेऊन व्हरांड्यात बसायची. गवत थंडगार, मी थंडगार. मग ही यायची आणि नळ बंद करायची. ती आत गेली की मी परत सोडायची.

होळीपर्यंत त्या चटया पिवळ्या पडल्या, मग तांबूस. एक कोपरा उचलून बघितला तर खाली गटारीसारखा वास आणि वरच्या अंगाला मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर.

मी गप्प बसले नाही. मी कधी बसत नाही. "तुझ्या हातालाच गुण न्हाई," मी म्हणाले. "दुष्काळातली पोर तू. तुझ्या हातानं हिरवं कसं जगायचं?"

तिचं माहेर माण तालुक्यातलं, दहिवडीच्या पलीकडचं. लग्नात त्यांच्याकडं वऱ्हाडासाठी पाण्याचा टँकर मागवला होता, हे आमच्या गावात अजून सांगतात. मी जरा जास्तच सांगते. क्रांतीनं ऐकलं, मान हलवली.

होळीला वीरधवल रजेवर आला. गेटातून आत पाऊल टाकलं आणि अंगणात सपशेल आडवा झाला. मी नुकताच पाइप बंद केला होता. एवढा सुभेदार, पण चड्डीपर्यंत चिखल. उठला तो फोन करूनच उठला. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि सिमेंटचे ते लाल-करडे ब्लॉक कंपाउंडच्या भिंतीला रचून गेला.

"दसऱ्याला मी कायमचा येतोय," तो क्रांतीला म्हणाला. "दोनदा लावलं, दोनदा गेलं. दसऱ्यापर्यंत हिरवं दिसलं तर दिसलं, न्हाईतर सगळीकडं ब्लॉक बसवायचे. चिखल न्हाई, कटकट न्हाई."

ती म्हणाली, "बरं."

मग ती आत गेली आणि घासून पालथी घातलेली भांडी परत घासायला लागली. मी दारातून बघितलं. तिचे हात चालले होते आणि पाठ हलत होती.

मला गवताचं प्रेम नव्हतं. पण मातीवर सिमेंट? आमच्याकडं रानात दगड दिसला तरी बांधावर टाकतात. मी वीरधवलला म्हणाले, "जमीन नासली म्हणून तिच्या तोंडावर फरशी ठोकायची व्हय रं? उद्या मी नासले तर मला बी ब्लॉक बसवशील."

तो हसला. मी हसले नव्हते.

तो गेल्यावर मी कोंडीबाला फोन लावला. कोंडीबा माणातला धनगर. दर साली मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरतो. ऊस तुटला की रिकाम्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्या आणि मुतानं मेलेलं रान उठून बसतं. बदल्यात ज्वारी आणि दोन वेळचं जेवण.

"मेंढरं बसवायचीत, कोंडीबा."

"कुठल्या रानात, आक्का?"

"विश्रामबागला. बंगल्यात."

पलीकडून बराच वेळ नुसता मेंढरांचा आवाज. मग तो म्हणाला, "बंगल्यात मेंढरं?"

"मग काय झालं? तुला काय लिफ्टनं वर न्यायचीत?"

आला. उन्हं कलली तशी गल्लीच्या तोंडाला घंट्या वाजल्या. सगळा कळप त्यानं गावाबाहेर ठेवला होता, अंगणात मावतील तेवढीच आणली होती. कॉलेजच्या पोरी मोबाइल वर धरून मागनं चालत होत्या. शेजारचे नानासो, साखर कारखान्यातनं रिटायर झालेला माणूस, बनियनवर गेटात येऊन उभे राहिले.

"वैनी, हे काय चाललंय? हा रेसिडेन्शिअल एरिया आहे!"

"मेंढरांना कुठं वाचायला येतंय, नानासो?"

"अहो, वास किती येईल!"

"कारखान्यात जन्म काढला तुमी. मळीच्या वासापुढं ह्यो वास म्हंजी अत्तर."

तेवढ्यात एका मेंढीनं त्यांच्या गेटावरचा मनीप्लँट मागच्या दोन पायांवर उभं राहून ओढला आणि वेलासकट खाल्ला. नानासो आत निघून गेले.

क्रांती स्कूटीवरून आली ती ह्या गोंधळात. गेटात थांबली. अंगणभर मेंढरं, मधे काठी टेकून कोंडीबा, आणि मी खुर्चीत. मी वाट बघत होते, आता तरी काही बोलेल.

बोलला कोंडीबाच. "आगं, सदाशिवनानाची क्रांता न्हवं का तू?"

आणि तिचा चेहरा जो उघडला! "कोंडीबामामा?" म्हणाली, आणि पुढं त्या दोघांचं जे सुरू झालं ते थांबेना. कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची पोरं मुंबईवरनं परत आली, कुठली करडी मेंढी अजून जित्ती हाय. लहानपणी ती ह्याच्या कळपामागं फिरायची म्हणे, सुट्टीत. ती हसत होती, हातवारे करत होती, 'हाय', 'न्हाई' बोलत होती. इतकी वर्षं सून असलेल्या माणसाचा आवाज मी नव्यानं ऐकत होते. दोघांनी मिळून कोकरं एका कडेला घेतली, तेव्हा तिनं तोंडानं एक आवाज काढला आणि सगळी मेंढरं तिच्याकडं वळली. मला हेवा वाटला, का वाटला ते विचारू नका.

कोंडीबाचं ताट मी व्हरांड्याच्या पायरीवर मांडलं होतं, बांधावर मांडतो तसं. क्रांतीनं काही न बोलता ते उचललं आणि आत डायनिंग टेबलावर ठेवलं. कोंडीबा खुर्चीत बसायला लाजत होता. मी म्हटलं, "बस बाबा. माहेरचा माणूस हायस तिचा. खाली बसलास तर मला जेवू घालायची न्हाई ती."

मेंढरं तीन रात्री बसली. चौथ्या दिवशी सकाळी कळप पुढं गेला, आणि अंगण लेंड्यांनी काळं झालं. एवढं सोनं कुणाच्या दारात नसेल. मी खुशीत पाइप उचलला. लेंड्या भिजवायच्या, पाणी मुरवायचं, की काम झालं.

"आत्या, पाइप खाली ठेवा."

मी वळून बघितलं. क्रांती दारात. शाळेला निघालेली, पर्स खांद्याला.

"काय म्हणालीस?"

"पाइप खाली ठेवा म्हणाले. पहिलं लॉन पावसानं गेलं. दुसऱ्याची माती रेती मिसळून मी बिघडवली, ती चूक माझी. पण गवत तुम्ही मारलं. पाणी पाजून."

"पाण्यानं कुठं गवत मरतं का, बये?"

"बुडालं की माणूस मरतो, तर गवत का नाही मरणार? ही माती पाणी सोडत नाही. मुळं खाली कुजली, क्षार वर आले. कुंडलच्या खालच्या अंगाचं रान पांढरं का पडलं, सांगा ना? तिथं ऊस का येत नाही आता?"

हे तिनं बोलायला नको होतं. नदीकडंचं ते रान आमच्या घरातलं सगळ्यात जुनं, आणि त्याच्याविषयी घरात कुणी बोलत नाही. मीठ फुटल्यासारखं पांढरं पडलंय. मालक म्हणायचे, नशीब. मीही तेच म्हणत आलेय.

"नशीब नाही ते," ती म्हणाली. माझ्या मनातलं तिला कसं ऐकू आलं कोण जाणे. "पाणी आहे म्हणून देत राहिलो आपण. मी दुष्काळातली, खरं आहे. आमच्याकडं तांब्यानं झाड जगवतात. म्हणून थांबायचं कुठं ते आम्हाला कळतं. तुम्हा लोकांना ते कुणी शिकवलंच नाही."

"संपलं तुझं?"

"नाही. चहा ठेवलाय, निवून जाईल."

मग तिनं पर्समधून पक्कड काढली. शाळेच्या पर्समध्ये पक्कड! म्हणजे कधीपासून घेऊन फिरत होती, बघा. अंगणातल्या नळाची मूठ तिनं उकलली, पुसली, पर्समध्ये टाकली, स्कूटीला किक मारली आणि गेली.

मला राग आला. यायलाच पाहिजे होता. पण रागाच्या आधी एक वेगळंच झालं. बरं वाटलं. घरात कुणीतरी राहतं असं वाटलं. मी आत जाऊन चहा प्याले. गोड होता.

त्या दिवसापासून आम्ही भांडायला लागलो ते सगळा उन्हाळा भांडलो. काय मजा आली म्हणून सांगू. ती म्हणाली, आधी पाण्याला वाट करायची, तिन्ही कडांनी चर खणायचे. मी म्हणाले, दीड गुंठ्यात चर काढायला ही काय धरणाची जमीन हाय? ती म्हणाली, मग तुम्हीच सांगा पाणी जाईल कुठनं. मी काठी घेऊन फिरले, उतार बघितला आणि गेटाच्या डाव्या कोपऱ्याला खूण केली. ती उजवा म्हणत होती. बादलीभर पाणी ओतून बघितलं, डावा निघाला. बादली तिनं मोजून भरली होती, ते वेगळं. दोन गडी लावून चर खणले. कंत्राटदारानं टाकलेले विटांचे तुकडे वेचून त्याच चरांत भरले, वर बारीक खडी. त्याची घाण त्याच्याच कामाला लावली, हे मला फार आवडलं.

मग हातभर खोल खणणं. रेतीचे डिखळे फोडले, न फुटणारे बाहेर फेकले. खालची पुरलेली काळी माती वर आली तेव्हा मी तिला हातात घेऊन वास घेतला. क्रांतीनं बघितलं, पण बोलली नाही. काही वेळा न बोललेलं चालतं. लेंड्या होत्याच. वाटेकऱ्याला सांगून मी कुंडलवरनं कारखान्याची कुजलेली मळी आणि उसाचं पाचट मागवलं. मळी आली त्या दिवशी नानासो स्वतः गेटात आले, ओंजळीत घेऊन चोळून बघितली आणि म्हणाले, "दोन वर्षं कुजलीय, वैनी. फस्क्लास आहे." अत्तरवाला माणूस शेवटी अत्तरावर गेला.

मृगाला आम्ही तिथं ताग पेरला. ह्यावर भांडण झालं नाही. उसाच्या आधी ताग वाढवून हिरवं खत म्हणून मातीत गाडायचा, हे मलाही ठाऊक, तिलाही. ताग कमरेएवढा झाला. नानासो रोज टोमणा मारायचे, "वैनी, लॉन जरा उंचच आलं की." मी म्हणायची, "तुमच्याच मेंढीला बोलवायचंय कापायला. मनीप्लँट पचला का विचारा तिला." ताग फुलावर यायला लागला तसा तो तोडून मातीत गाडला. पुढच्या पावसात तो आत कुजला, आणि पहिल्यांदाच त्या मातीत माझी काठी न अडता आत गेली.

आता लावायचं काय? मी म्हटलं, परत त्या चटया आणणार असशील तर मी गावाला चालले.

"चटया नाहीत," क्रांती म्हणाली. "हरळी."

मी खालीच बसले.

शेतकऱ्याच्या बाईला हरळी म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला कळायचं नाही. एक तुकडा रानात राहिला तर सगळं रान खाते. माझी सासू तिच्या मुळ्या खणता खणता वाकली. मी लग्न होऊन आले त्या पावसाळ्यात मला पहिलं काम दिलं ते हरळी वेचायचं. वेचून वाळवायची, वाळवून जाळायची, तरी पुढच्या पावसात दात काढून हजर.

"ती अवदसा? दारात? हातानं लावायची?"

"चटयावाला तिलाच इंग्रजी नाव लावून विकतो, आत्या. मरत नाही, तुडवली तरी उठते, कमी पाण्यात जगते. आपल्याला असलीच पाहिजे ना?"

"मरत न्हाई हे मला सांगतीस? माझा जन्म गेला तिला मारण्यात!"

"मग तुमच्याएवढी तिला कोण ओळखणार? चांगली कुठली, ते तुम्हीच बघा."

असं लबाड बोलते. इतके दिवस गप्प राहून हे सगळं साठवलं होतं वाटतं.

मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, ती शाळेत गेल्यावर, एसटी धरून कुंडलला गेले. आमच्या पांढऱ्या पडलेल्या रानाच्या बांधावर गेले. तिथं ऊस मेला, पण हरळी होती. मिठातही हिरवी. ती बारीक पानाची, दाट, मी खुरप्यानं मुळासकट काढली आणि पोतं भरलं. बांधावरून जाणारा भावकीतला जयराज थांबला. "काकू, उपटताय चांगलं. पण पोत्यात का भरताय?"

"लावायचीय."

तो तसाच गावाकडं वळला. गावात सांगितलं असणार, म्हातारीचं डोकं फिरलं. सांगू दे.

मी परत आले तेव्हा क्रांती व्हरांड्यात उभी होती. पोतं बघितलं, माझ्या हाताला लागलेली माती बघितली. काही म्हणाली नाही. पण त्या दिवशी आमटी घट्ट होती. मीही काही म्हणाले नाही.

श्रावणात आम्ही दोघींनी वीतवीत अंतरावर ठोंब टोचले. गणपतीला दूर्वा आणायला बाजारात जावं लागलं नाही. देवाला वाहिली की दूर्वा आणि रानात दिसली की हरळी, हे मी जन्मभर करत आले आणि मला कधी खटकलं नव्हतं. ठोंबाठोंबातनं दोऱ्यासारखे धागे सुटायला लागले होते, पण मधे माती अजून उघडी होती. दसरा तोंडावर आला होता. भिंतीला ब्लॉक तसेच उभे. क्रांती रोज शाळेला जाताना एकदा गवताकडं बघायची आणि एकदा ब्लॉककडं.

आणि मग हस्ताचा पाऊस आला. एका दुपारी आभाळ असं फाटलं की समोरचा रस्ता दिसेना. क्रांती शाळेतनं भिजून आली होती, कपडे न बदलता व्हरांड्यात उभी. अंगणात पाणी चढत होतं. आधी धागे बुडाले, मग ठोंब, मग नुसतं गढूळ तळं. मागच्या वर्षी बेडकं बसायची तिथपर्यंत.

"तुमचा डावा कोपरा," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक.

"कोपरा बरोबर हाय," मी म्हणाले. "वाट तुंबलीय."

मी खुरपं घेतलं आणि पायरी उतरले. "आत्या, पडाल!" म्हणून ती मागनं आली. दोघी घोटाभर पाण्यात. मी डाव्या कोपऱ्याला वाकले, तिनं माझा दंड धरला. चराच्या तोंडाला पाला आणि गाळ गच्च बसला होता, हात घालून बघितलं तर नानासोच्या मनीप्लँटची पानं. मेंढीनं खाल्लेला वेल परत वाढून भिंतीवरनं आमच्याकडं आला होता. मी खुरप्यानं ओढलं, तिनं हातानं ओढलं, आणि एकदम आतून पाण्यानं घोट घेतल्यासारखा आवाज झाला. गेटाखालनं लोंढा रस्त्याला लागला. क्रांती तिथंच पावसात उभी राहून हसायला लागली. मग रडायला लागली. मी तिला म्हटलं, "आत चल. पाणी जास्त झालं की काय होतं ठाऊक हाय न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अनवाणी अंगणात पाऊल टाकलं. पाय रुतला नाही. उचलला तर तळवा ओला, पण चिखल नाही. हरळीचे धागे मातीला धरून बसले होते. आणि पुढच्या उन्हात ती अशी धावली की मला रानातली जुनी धास्ती वाटायला लागली.

वीरधवल खंडेनवमीला आला. गेटापाशी रिक्षातनं उतरला, ट्रंक खाली ठेवली आणि मागच्या वेळचं आठवून पाय जपून टाकला. मग थांबला. खाली बघितलं. बूट काढले, मोजे काढले, आणि गवतावरनं घरापर्यंत चालत आला, मग परत गेटापर्यंत गेला, परत आला. अजून काही ठिकाणी टक्कल होतं, पण हिरवं ते हिरवंच. क्रांती दारात ओवाळणीचं ताट घेऊन उभी.

"हे ब्लॉक?" तो तिला म्हणाला.

"गेटात थोडेसे बसवा," ती म्हणाली. "स्कूटी उभी राहील."

बघा, नवऱ्यालाही बोलायला लागली.

दसऱ्याच्या सकाळी पूजा झाली. वीरधवल बाहेर गेला आणि तिथनं ओरडला, "पाइप कुठाय गं? जरा पाणी मारतो, मस्त हिरवं व्हईल!" शेवटी कुंडलचाच. नळापाशी गेला, चाचपला. "आई, ह्या नळाची मूठ कुठं गेली?"

मी क्रांतीकडं बघितलं. ती आत जाऊन पर्स घेऊन आली. तिनं ती पितळी मूठ काढली आणि मला वाटलं, नवऱ्याला देणार. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, मूठ माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, गवत धरलंय आता. ही तुमच्याकडं राहू दे."

वीरधवल ओल्या पायांनी बघत उभा होता. मूठ गरम होती, तिच्या हाताची. मी ती वळवून बघितली. मग तिचा पंजा उघडला, मूठ परत आत घातली आणि बोटं मिटून दिली.

"ठेव तुझ्यापाशीच," मी म्हणाले. "आमी कुंडलची माणसं, नळ दिसला की हात शिवशिवतात आमचं. पाणी माणच्या पोरीच्याच हातात पायजे. आन् एक ध्यानात ठेव, क्रांते, तोंड परत मिटलंस तर ही सगळी हरळी उपटून मेथी लावीन."